सिल्की सिल्व्हरवरचे चरे : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी : २०१७ ची वॅगन आर, सिल्की सिल्व्हर, सेकंड हँड घेतलेली.
काम : रंगावरचे चरे. घरच्या पोर्चमध्ये जेवढे निघतील तेवढेच.
मुदत : धुळवडीच्या आत. यंदा ती १४ मार्चला आहे. कॉलनीतली पोरं गुलालावर थांबत नाहीत, डबीतला चंदेरी रंगही काढतात. तो कच्च्या रंगावर बसला तर संपलंच. म्हणून रंग भरायचं काम जानेवारीत उरकायचं आणि पक्का व्हायला अख्खा फेब्रुवारी सोडायचा.

आज नुसती पाहणी. मोठा चरा डाव्या पुढच्या दारावर, हँडलच्या जरा खाली, वीतभर लांब. सीताबर्डीत गल्लीत गाडी लावली होती, तिथे कुणाच्या तरी दुचाकीच्या ब्रेकचा दांडा घासून गेला. शेजारच्या काकाजींच्या स्कूटरजवळ उंची लावून पाहिली तर लिव्हर बरोबर तिथेच येतो. (संशय तुमच्यावर नाही, हे काकाजींना समजावण्यात चहा झाला.) दुसरी जागा मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर. नखाएवढीच, पण पत्रा उघडा पडलाय आणि कडेला तांबूस धरलंय. बॉनेटवर आणि दारांवर बारीक रेघांचं जाळं. पुढच्या बंपरचा डावा कोपरा खरवडलेला.

विम्याचा हिशोब करून पाहिला. नो क्लेम बोनस ३५ टक्क्यांवर पोचलाय, एक क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य. वर १५०० सीसीच्या आतल्या गाडीला पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून. एका दारासाठी हा सौदा परवडत नाही.

कामठी रोडवरच्या एका पेंटरभाऊंना दाखवून आले. ते म्हणाले, "ताई, दार मारून देतो, साडेतीन हजार लागतीन. पण एवढ्याशा रेघेसाठी कंपनीचा रंग काहून घिसून टाकता? तो भट्टीतला रंग आहे. माह्या हातचा काही भट्टीतला राहत नाही."

धंद्याच्या विरोधात बोलले, पण खरं बोलले. कारखान्यात वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, कारण तेव्हा गाडी नुसता पत्रा असते. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग, प्लास्टिक, सीटा सगळं असतं, म्हणून चांगल्या बूथमध्येही साधारण ६० अंशांच्या वर जात नाहीत. आहे तो रंग जपणं हेच मग काम ठरलं.

१२ जानेवारी, रविवार

गाडी धुतली. नळाचं पाणी, बोअरचं नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार वाळून पांढरे गोल डाग धरतात, आणि ते काढायला पुन्हा घासा. दोन बादल्या, एकीत शॅम्पू, एकीत फक्त फडका खंगाळायचं पाणी. दुसऱ्या बादलीच्या तळाला बसलेली माती पाहिली की बॉनेटवरचं जाळं कुठून आलं ते कळतं. समोरचा रस्ता सिमेंटचा व्हायचा म्हणून खोदून पडलाय. त्या धुळीत वाळूचे कण असतात, ते गाडीच्या क्लिअर कोटपेक्षा कितीतरी टणक. रोज सकाळी कोरडा फडका मारायचा म्हणजे रोज सकाळी थोडं घासायचं. फडका मारायला येतो त्या पोराला सांगितलं, आजपासून कोरडा फडका बंद. त्याला आनंदच झाला.

मग चरे तपासले. पत्र्यावर आधी ईडी कोट असतो, गंज रोखणारा, २० मायक्रॉनच्या आसपास. त्यावर प्रायमर ३०–३५, त्यावर रंगाचा बेस कोट जेमतेम १५, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट ४० च्या आसपास. सगळं मिळून शंभर-एकशेदहा. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे चार थरांचा हा सगळा डोलारा दोन केसांतही मावतो. चमक असते ती क्लिअरची, आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तोही क्लिअरच. नागपूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ ची नोंद झालीय.

तपासायच्या दोन रीती. एक, चऱ्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं नाही तर चरा वरवरचा. दुसरी मला जास्त पटते : चऱ्यावर पाणी लावायचं. ओला असताना चरा गायब झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो क्लिअरमध्येच आहे. पाण्यानं भेग भरली की कडांवरून उजेड उडायचा थांबतो. ओला असतानाही रेघ दिसत राहिली तर खालचा थर उघडा पडलाय, तिथे कितीही घासलं तरी उपयोग नाही.

दारावरचा चरा दोन तोंडांचा निघाला. दोन्ही टोकांना पाण्यात नाहीसा होतो. मधल्या चारेक बोटांत पांढुरकी रेघ कायम राहते, म्हणजे तिथे प्रायमर दिसतोय. टोकं पॉलिशनं काढायची, मधलं रंगानं भरायचं.

जाळं उन्हात पाहिलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा दिसतात, जणू कुणी चकत्या फिरवल्या. प्रत्यक्षात रेघा सगळ्या दिशांना आहेत. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. मान हलवली की गोलही सरकतो.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही, गच्चीवर ओ काट आणि डीजे. संध्याकाळी बॉनेटवर कटलेला पतंग आणि मांजाचा गुंता सापडला. काचपुडीचा मांजा रंगावरून ओढायचा नसतो. कात्रीनं तुकडे करून उचलला.

१८ जानेवारी, शनिवार

दादा बुटीबोरीच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये क्वालिटीला आहे. थराची जाडी मोजायचं गेज तिथे रोजच्या वापरातलं, ते त्यानं दोन दिवसांसाठी आणून दिलं. तळहातात मावतं. टोक पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. लोखंडी पत्रा आणि टोक यांच्यातलं अंतर ते चुंबकीय रीतीनं ओळखतं, म्हणून प्लास्टिकच्या बंपरवर आकडाच येत नाही. आणि हे मोजतं ती एकूण जाडी. त्यातलं क्लिअर किती, हे सांगत नाही.

दादा : "झीरो करून घे आधी. नाहीतर तुह्यं छप्पन डिग्री होऊन जाईन."

गेल्या मेमध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरी कुठलाही न पटणारा आकडा म्हणजे छप्पन डिग्री. बिनरंगाच्या लोखंडी पट्टीवर शून्य केलं, सोबतच्या प्लास्टिकच्या पातीवर तपासलं, मगच गाडीला लावलं.

छत ९८ ते १०४. बॉनेट १०२ ते ११०. डावं पुढचं दार १०३ ते १०८. उजवी बाजू त्याच आसपास.

डावं मागचं दार : २४०, २६५, ३१०. खालच्या कोपऱ्यात ९४०.

पुन्हा शून्य करून पुन्हा मोजलं, तेच. गाडी घेताना "एक टिपका रंग मारलेला नाही, सगळं ओरिजिनल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की तेव्हाच शंका यायला हवी होती. अडीचशे-तीनशे म्हणजे जुन्या रंगावर पुन्हा रंग. ९४० म्हणजे खाली लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली आहे, तिथे कधीतरी ठोक बसलाय. डोळ्यांना काही कळत नाही, ज्यानं मारलं त्याचा हात चांगला होता. त्या दाराला घासकागद लावायचा नाही. कुठला थर कुणी कसा दिलाय, माहीत नाही.

घासायच्या जागांजवळ मास्किंग टेपचे तुकडे लावून आकडे लिहून ठेवले. नंतर तिथेच मोजता येईल. एकदोन मायक्रॉनचा फरक गेजच्याच हेलकाव्यात जातो, म्हणून प्रत्येक जागी पाच वेळा टेकवून सरासरी.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑफिसातून परतताना रंगाच्या दुकानात. गाडीवरच्या प्लेटवरचा रंगाचा कोड सांगितला की संगणक सूत्र देतो आणि मुलगा वजनकाट्यावर थेंबाथेंबानं टिंटर मोजत जातो. कमीत कमी शंभर एमएल. मला लागणार चमचाभर, पण इलाज नाही. सोबत टूके क्लिअर (दोन भाग मिसळून पक्कं होणारं), त्याचं हार्डनर, थिनर, इपॉक्सी प्रायमरची लहान डबी, वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा घासकागद, १०००, २०००, ३००० (आकडा मोठा तितका बारीक).

कोड बरोबर असला तरी सिल्व्हर जुळेलच असं नाही. सात-आठ उन्हाळे खाल्लेला रंग नव्या डबीसारखा कसा राहील? घरी पत्र्याच्या झाकणावर नमुना मारून दाराला लावून पाहिला. समोरून जुळतो. बाजूनं पाहिलं की नमुना काळपट. सिल्व्हरची सगळी गोम इथे आहे. रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. फवारलेल्या रंगात त्या आडव्या, सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात. ब्रशनं लावला की वाकड्यातिकड्या उभ्या राहतात, त्यामुळे रंग गडद वाटतो. पांढरी गाडी असती तर ही कटकट नव्हती.

उपाय एवढाच की रंग पातळ करायचा, ब्रशनं ओढायचा नाही, टेकवायचा. नमुना दोन केला, बराच जवळ आला. तरी रेघ भरल्यावर ती अजिबात दिसणार नाही अशी अपेक्षा ठेवत नाही. चार पावलांवरून दिसली नाही की पास.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी कॉलनीतलं झेंडावंदन आटोपून दहाला सुरुवात. हवा कोरडी, ऊन कोवळं, पोर्च सावलीत. विदर्भात रंगकामाला याहून चांगले दिवस मिळत नाहीत. मेमध्ये थिनर ब्रशवरच उडून जातं, पावसाळ्यात दमटपणानं क्लिअर धुरकटतं.

आधी कमान, कारण तिथे गंज. १००० च्या कागदाची बारीक घडी करून तांबूस भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. गंजावर रंग मारला तर तो आतून चालूच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात फुगा येतो. वर इपॉक्सी प्रायमरचा ठिपका, सुटा सोडला.

मग दार. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं, कारण जुनं वॅक्स किंवा हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग फाटतो. काकाजी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांचा सल्ला टूथपेस्टचा. टूथपेस्टमध्ये बारीक अपघर्षक असतं, त्यामुळे अगदी हलकी रेघ मंद होते, खोटं नाही. पण प्रायमरपर्यंत गेलेल्या चऱ्यात ती फक्त पांढरी भरून बसते. केरोसीनच्या फडक्याचंही तसंच. तेलानं भेग भरली की चरा गेल्यासारखा वाटतो, पहिल्या धुण्यात परत हजर. रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरमध्ये "रबिंग करून देतो" म्हणून जी चमक देतात, तिच्यातली बरीच याच जातीची.

सगळ्यात बारीक ब्रशचेही निम्मे केस कापून टाकले. बाटली हलवत राहायची, चकत्या मिनिटभरात तळाला बसतात. ब्रशचं टोक रंगात बुडवून डबीच्या काठाला निथळायचं, मग चऱ्याच्या एका टोकाला थेंब टेकवायचा. पातळ रंग चऱ्यात आपोआप पुढे धावतो, दोन्ही काठांच्या मध्ये राहून. ते पाहायला मजा येते. पांढरी रेघ राखाडी होत जाते आणि ब्रश कुठेच घासावा लागत नाही. काठाबाहेर आलेलं थिनर लावलेल्या कानकाडीनं लगेच टिपायचं.

वाळल्यावर रंग खाली बसतो, चरा पुन्हा उघडतो. अर्ध्या तासानं दुसरा हात, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत पांढरं नाहीसं झालं, तरी खोलगट आहे. ती खोली क्लिअरनं भरायची, रंगानं नाही.

२८ जानेवारी

क्लिअर दोन भाग, हार्डनर एक भाग, डबीवर लिहिलंय तसं. इन्सुलिनच्या सिरिंजनं मोजलं. एवढ्या कमी मापात डोळ्याचा अंदाज चालत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसाला वाईट. ब्रशनं चार थेंब लावायचे तरी हातमोजे आणि पोर्चची दोन्ही दारं सताड उघडी. टूके क्लिअर घरी फवारायच्या भानगडीत पडू नये, साध्या कापडी मास्कनं तो अडत नाही.

दार आणि कमान, दोन्हीकडे पहिला हात.

३० जानेवारी

दुसरा हात. ३१ ला तिसरा. आता भरलेली रेघ आजूबाजूपेक्षा किंचित उंच, बोट फिरवलं की गादीसारखी लागते. तशीच हवी. गाडी चालवायची, त्या जागेला हात लावायचा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

समतल करायचा दिवस, म्हणजे सगळ्यात जोखमीचा.

२००० चा कागद शॅम्पूच्या पाण्यात सकाळपासून भिजत. बोटानं घासलं तर बोटांच्या मधे खळी पडते, म्हणून खोडरबराचा चपटा तुकडा कागदात गुंडाळला. गादीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. टेप घासली जायला लागली की समजायचं, आपण मूळ रंगाच्या उंचीवर आलो. सरळ हात, गोल नाही. चार हात मारले की पुसायचं आणि तिरक्या उजेडात पाहायचं. घासलेला भाग धुरकट दिसतो, खळगे चमकत राहतात. चमकणारं मधलं बेट आकसत जातं.

सगळं लक्ष पाण्याच्या रंगावर. पांढरट दूध निघतंय तोवर क्लिअर झिजतंय. राखाडी दिसलं की बेस कोट लागला, तिथेच हात थांबवायचा. पांढरंच राहिलं. टेप काढून ३००० नं त्याला आडव्या दिशेनं घासलं. दिशा बदलली की २००० च्या रेघा उरल्यात का ते लगेच दिसतं. चऱ्याच्या दोन टोकांनाही ३००० चे हलके हात.

मग कंपाउंड (पॉलिशपेक्षा जरा खरखरीत घासायची पेस्ट), फोमच्या पॅडवर मटारएवढं, तळहाताएवढ्या जागेत, हातानंच. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा, नाहीतर कंपाउंड वाळून उलट तेच चरे पाडतं. शेवटी बारीक पॉलिश.

चार पावलांवरून रेघ सापडत नाही. वाकून, डोळा पत्र्याला लावला तर मधल्या भागात जराशी गडद शीर दिसते. पास.

कमान सोप्पी. वाकडा भाग, तिथे कुणी पाहत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाळं. दादानं ड्युअल ॲक्शन पॉलिशर आणला. नुसतं गोल फिरणारं मशीन झपाट्यानं काम करतं, पण एका जागी रेंगाळलं की कडेवरचा रंग भाजून काढतं, कारण कडेवर थर मुळातच पातळ. ड्युअल ॲक्शन गोलही फिरतं आणि डोलतंही, त्यामुळे उष्णता कमी. दारांच्या कडांवर आणि बॉनेटच्या घडीवर तरी टेप लावलीच.

आधी बॉनेटचा हातभर चौकोन नुसत्या बारीक पॉलिशनं करून पाहिला. निम्म्याहून जास्त जाळं गेलं. दादाचं म्हणणं, आता कंपाउंडचा हात मार, आरसा होऊन जाईन. मी नाही म्हटलं. उरलेल्या रेघा जरा खोल आहेत. त्या काढायच्या तर आजूबाजूचा सगळा क्लिअर त्यांच्या तळापर्यंत खाली आणावा लागेल. चरा कधी "निघत" नाही, त्याच्या भोवतीचं उतरवलं जातं. आणि उतरलेलं परत येत नाही. ही गाडी अजून पाच-सहा उन्हाळे उघड्यावर काढणार आहे. दादा पत्र्याच्या धंद्यातला. त्याच्याकडे थर कमी पडला तर परत भट्टीत जातो. वाद झाला, चिवडा आल्यावर मिटला.

डावं मागचं दार सोडून सगळीकडे बारीक पॉलिशचा एकेक हात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी, गेज परत आलं. टेपच्या खुणांजवळ सरासरी :

बॉनेट १०६ होतं, १०५ आलं. म्हणजे गेजच्या हेलकाव्याच्या आत.
दाराच्या चऱ्याची टोकं १०५ होती, ९९ आली. कागदानं सहा मायक्रॉन खाल्ले. क्लिअरच्या चाळीसातले सहा. तिथे पुन्हा कधी वॉटर पेपर लावायचा नाही, ही नोंद गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावली.
भरलेली रेघ १०८. शेजारपेक्षा थोडी उंच, उन्हाळ्यात अजून बसेल.

१२ मार्च

क्लिअरला सहा आठवडे होत आले. वॅक्स याआधी मुद्दाम लावलं नव्हतं, कारण आतलं थिनर उडून जायला वाट हवी. आज धुतली, वाळवली, पातळ हात लावून पुसून काढला. दुपारी पत्र्यावर आत्तापासूनच हात ठेववत नाही, म्हणून संध्याकाळी.

१५ मार्च, शनिवार

धुळवड झाली. गाडी पोर्चमध्ये होती तरी बॉनेटवर हिरवे शिंतोडे आणि मागच्या काचेवर चंदेरी पंजा. कोरडं पुसलं नाही, आधी पाण्याची धार, मग शॅम्पू. रंगावरून सगळं गेलं. दाराच्या भरलेल्या रेघेत थोडं गुलाबी अडकलंसं वाटलं, ओल्या फडक्यानं गेलं. काचेवरचा पंजा ब्लेडनं काढला.

बंपर राहिलाय. प्लास्टिकवर प्रायमर धरायला वेगळं अस्तर लागतं आणि रंगात लवचीकपणाचं मिश्रण, नाहीतर पहिल्या धक्क्याला पापुद्रे सुटतात. ते पेंटरभाऊंनाच देणार. ते म्हणाले, "आता उन्हाळा लागून राहिला, पावसाळ्यात नकोच. दसऱ्याच्या नंतर आणा ताई."

उरलेलं हार्डनर टाकून दिलं. उघडलेली बाटली हवेतल्या ओलाव्यानं खराब होते. बेस कोटची डबी घट्ट बंद करून जिन्याखाली ठेवली, झाकणावर कोड, तारीख आणि "ब्रशसाठी अजून पातळ कर".